विश्लेषण : जुन्या ‘थ्री नॉट थ्री’चा अस्सलपणा नेमका ठरतो कशावर?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर पोलिसांच्या हाती जी हत्यारे होती, त्यांत ‘थ्री नॉट थ्री’ रायफलही होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमियात, दुसऱ्या महायुद्धात इटली आणि ब्रह्मदेशात मराठी जवानांनी वापरलेले हत्यार एकविसाव्या शतकातही पोलिसांच्या कोतात होते. आता त्याची सद्दी संपली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. सेवेतून गेलेल्या रायफली एक तर वितळवल्या जातात किंवा संग्रहालयांच्या कपाटांत आणि परदेशी संग्राहकांच्या भिंतींवर पोहोचतात. एखादी कुणाच्या तरी माळ्यावरही निघते. अशा वेळी प्रश्न पडतो की हातात आलेली रायफल खरोखर युद्धकाळातली आहे का, आणि असल्यास तिचे किती भाग मूळचे उरले आहेत? या प्रश्नाचे उत्तर रायफलीवरच कोरलेले असते. ती घासूनपुसून चकाचक करण्याच्या हौसेत नेमके तेच पुसले जाते. भारतात तर या खुणा पुसणे थेट गुन्हा ठरू शकतो.

‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे नेमकी कोणती रायफल?

‘थ्री नॉट थ्री’ हे रायफलीचे नाव नव्हे, ते काडतुसाचे माप आहे. नळीचा अंतर्व्यास .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. ब्रिटिश सैन्याने हे काडतूस १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलीबरोबर स्वीकारले. १८९५ मध्ये ली-एनफील्ड आली. जेम्स पॅरिस ली यांची बोल्टची रचना आणि एनफील्डच्या कारखान्याचे नळीतील आटे, यांवरून हे जोडनाव पडले. १९०३ च्या सुमारास तिची आखूड आवृत्ती आली आणि १९०७ मध्ये ‘मार्क ३’. दहा काडतुसांचे मॅगझिन असलेली ही रायफल पहिल्या महायुद्धाचे मुख्य हत्यार ठरली. युद्धाच्या घाईत उत्पादन सोपे व्हावे म्हणून १९१६ मध्ये काही भाग वगळून ‘मार्क ३ स्टार’ काढण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘नंबर ४’ ही नवी आवृत्ती मोठ्या प्रमाणावर काढली. कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात मात्र युद्धभर जुनीच ‘मार्क ३ स्टार’ तयार होत राहिली. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने याच रचनेवर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची ‘२ए१’ ही रायफल बनवली. दुरून पाहणाऱ्याला ती ‘थ्री नॉट थ्री’च वाटते, पण तिचा महायुद्धाशी काही संबंध नाही. तिचे मॅगझिन अधिक चौकोनी असते आणि अंगावर ‘७.६२’ कोरलेले असते. परदेशी बाजारात ‘महायुद्धातली भारतीय रायफल’ म्हणून हीच अनेकदा गळ्यात मारली जाते. त्यामुळे तपासणीची पहिली पायरी म्हणजे समोरची रायफल नेमकी कोणत्या आवृत्तीची आहे, हे ठरवणे.

स्थिती आणि अस्सलपणा हे वेगळे प्रश्न का?

स्थिती म्हणजे आज रायफल कशी आहे. धातूवरचा मूळ थर किती शिल्लक आहे, लाकडाला तडे आहेत का, नळीत गंज आहे का, बोल्ट नीट सरकतो का, हे त्यात येते. अस्सलपणा म्हणजे आजचे भाग, त्यांवरचा थर आणि खुणा सैन्याच्या हातून गेल्या तशाच आहेत का. या दोन गोष्टी कित्येकदा एकमेकींच्या विरोधात जातात. गंजाचे ठिपके असलेली, दस्त्यावर ओरखडे असलेली रायफल पूर्णपणे अस्सल असू शकते. उलट आरशासारखी चमकणारी रायफल गेल्याच वर्षी घासून, नवा निळा-काळा थर चढवून बाजारात आलेली असू शकते.

सैन्याच्या रायफलीला चमक कधीच नको होती, कारण उन्हात चमकणारे हत्यार शत्रूला जागा दाखवते. म्हणून मूळ थर मंद असे. काही रायफलींवर नंतरच्या दुरुस्तीत काळा रंगही चढवला गेला. अशी रायफल लखलखीत दिसली तर जाणकाराच्या मनात आधी शंका येते. शिक्क्यांच्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या आहेत का, सपाट असायला हवे ते पृष्ठभाग गोलसर झाले आहेत का, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडला आहे का, हे तो पाहतो. यंत्रावर घासलेला धातू या तीन जागी हमखास पकडला जातो.

लाकडाचेही तसेच. दस्त्यावर ठोकलेले तपासनिसांचे शिक्के उथळ असतात आणि सँडपेपरच्या दोन फेऱ्यांत ते नाहीसे होतात. लाकूड घासले गेले असेल तर ते धातूच्या पट्ट्यांच्या पातळीखाली गेलेले दिसते. मूळचे लाकूड बहुधा धातूला भिडलेले किंवा किंचित उंच असते. वर चकचकीत वॉर्निश असेल तर तोही अलीकडच्या हाताचा पुरावा, कारण सैन्यात लाकडाला जवसाचे तेल चोळण्याची पद्धत होती.

रायफलीवरचे शिक्के काय सांगतात?

ली-एनफील्डचा जन्मदाखला दस्त्याच्या पुढच्या धातूच्या भागावर, बोल्टच्या मुठीखाली उजव्या बाजूला असतो. वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखाना, साल आणि आवृत्ती असा क्रम असतो. ‘जी.आर.’ म्हणजे राजा जॉर्ज, तर भारतात बनलेल्या रायफलींवर दिसणारे ‘जी.आर.आय.’ म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. एनफील्ड, बीएसए, एलएसए ही ब्रिटिश उत्पादकांची नावे, लिथगो हे ऑस्ट्रेलियातले आणि इशापूर आपले. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलींवर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘आर.एफ.आय.’ ही आद्याक्षरे आली.

रुंद टोकाचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आहे. त्याच्या खाली ‘आय’ असेल तर ती मालमत्ता भारत सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून कोरले असतील तर रायफल सरकारने अधिकृतपणे सेवेबाहेर काढून विकली, असा त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये नागरी बाजारात जाताना नळीची दाबचाचणी होई आणि तिचे वेगळे शिक्के उठत. अमेरिकेत गेलेल्या रायफलींवर आयातदाराचे नाव येते. म्हणजे शिक्के वाचले तर रायफल कुठे जन्मली, कुणाकडे गेली आणि सेवेतून कशी सुटली, हा प्रवास कळतो.

नळीवर तिचे स्वतःचे साल असते, हे अनेकांना ठाऊक नसते. रायफलीच्या अंगावर १९१७ आणि नळीवर १९४२ असेल तर मध्ये कधी तरी नळी बदलली गेली. यात फसवणूक नाही. झिजलेली नळी बदलणे ही सैन्याची नेहमीची पद्धत होती. ‘एफटीआर’ किंवा ‘एफआर’ आणि पुढे साल असा शिक्का असेल तर त्या वर्षी कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाली, असे समजावे. ‘डीपी’ हा शिक्का कवायतीपुरत्या ठेवलेल्या रायफलीचा. तिच्यातून गोळी झाडणे धोक्याचे मानले गेले होते.

सगळे क्रमांक जुळले की झाले?

ली-एनफील्डचा अनुक्रमांक एकाच जागी नसतो. मुख्य अंग, नळी, बोल्टची मूठ, मागच्या निशाणीची पट्टी, नळीच्या तोंडावरची टोपी आणि पुढच्या लाकडाची खालची बाजू, अशा अनेक ठिकाणी तो कोरलेला असे. हे सगळे क्रमांक एक असतील तर संग्राहक तिला ‘मॅचिंग’ म्हणतात आणि किंमत वाढते. बोल्टचा क्रमांक जुळणे सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवून तपासलेला असे. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घातला तर काडतूस आणि बोल्ट यांमधली जागा कमी-जास्त होते. ती वाढली तर गोळी झाडताना काडतुसाचे आवरण फुटून वायू मागे येऊ शकतो. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. ती मोजायला ठरावीक मापाचे गेज लागतात.

पण भारतीय सेवेतील रायफलींना ही कसोटी आंधळेपणाने लावता येत नाही. त्यांतल्या अनेक रायफली दोन महायुद्धे, मग स्वतंत्र भारताची सेना, पोलीस किंवा एनसीसी अशा चार-पाच दशकांच्या सेवेतून गेल्या. कारखान्यात दुरुस्तीसाठी आलेल्या रायफलीचे भाग सुटे होत, चांगले भाग दुसरीकडे जात, जुना क्रमांक रद्द करून नवा ठोकला जाई. त्यामुळे काट मारलेला जुना क्रमांक आणि शेजारी नवा क्रमांक हे बहुधा प्रामाणिक सेवेचे चिन्ह असते.

पुढच्या लाकडातून आडवा घातलेला मजबुतीचा स्क्रू हेही असेच एक भारतीय वैशिष्ट्य. संग्राहकांत तो ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखला जातो. नवखा खरेदीदार त्याला गावठी दुरुस्ती समजून तो काढतो आणि भोक बुजवतो. तसे करताना रायफल भारतात होती याचा पुरावाच तो नष्ट करतो. ग्रेनेड फेकण्यासाठी पुढच्या लाकडावर गुंडाळलेल्या तारेचेही तेच. तीही मूळ लष्करी बदलाचा भाग आहे. मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा असलेली .४१० बोअरची रायफल पाहून काहींना ती बिघडवलेली वाटते. प्रत्यक्षात पहारा आणि बंदोबस्तासाठी इशापूरनेच ‘थ्री नॉट थ्री’चे असे एकबारी मस्केटमध्ये रूपांतर केले होते. म्हणून जाणकार ‘जन्माच्या वेळची रायफल’ शोधत बसत नाहीत. शेवटच्या अधिकृत दुरुस्तीनंतर तिला कुणी हात लावला का, हे ते शोधतात.

नळी आतून कशी तपासतात?

बाहेरून देखणी रायफल आतून पोखरलेली असणे ही या काडतुसाची जुनी खोड. त्या काळच्या काडतुसांच्या पेटवणीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत क्षार उरतात, हवेतील ओलावा ओढून घेतात आणि पोलाद खातात. म्हणून गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतून क्षार धुऊन काढण्याची शिस्त होती. त्यानंतर पुलथ्रूला चिंधी लावून नळी कोरडी करायची आणि तेल द्यायचे. कॉर्डाइट ही बारूद फार तापट असल्याने काडतुसाच्या पुढचा नळीचा भाग आधी झिजे. याउलट पुलथ्रूच्या दोरीने नळीचे तोंड एका बाजूला घासले जाई.

यातल्या काही काडतुसांचा पुण्याशी थेट संबंध आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे, मध्ये बाण आणि सोबत साल असे शिक्के दिसतात. ‘के’ म्हणजे किर्की, खडकीचे इंग्रजी काळातले नाव. जगभरच्या संग्राहकांना हा शिक्का ओळखीचा आहे.

नळीतील आटेही बोलतात. एनफील्ड पद्धतीत पाच खाचा असतात आणि त्या डावीकडे वळतात. दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर ४’च्या काही नळ्या घाईत दोनच खाचांच्या केल्या गेल्या, तोही त्या काळाचा अस्सल पुरावा आहे. उजवीकडे वळणारे आटे किंवा आटेच नसलेली नळी दिसली तर ती मूळची नाही किंवा रायफलीचे रूपांतर झाले आहे. आतला अंधुकपणा आणि खोल खड्डे यांतही फरक आहे. पहिला साफ होतो. दुसरे कायमचे असतात आणि कितीही घासले तरी भरून येत नाहीत.

बनावट कुठे होते आणि कशी ओळखतात?

ली-एनफील्डच्या नकलांचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे खैबर खिंडीचा परिसर, विशेषतः पेशावरजवळचे दर्रा आदमखेल. तेथील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने रायफली बनवल्या. शिक्के समोर ठेवून ते अक्षरे नकलत, पण इंग्रजी वाचता न येणाऱ्या हातून ‘एन’ उलटा पडे, एखादे अक्षर गळे, मुकुट वाकडा होई. कधी साल आणि राज्यकर्त्याची आद्याक्षरे जुळत नसत. ‘व्ही.आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले. तेव्हा ‘व्ही.आर.’ आणि खाली १९१५ साल असलेली ‘मार्क ३’ कुठल्याही सरकारी कारखान्यातली असू शकत नाही. अशा रायफलींचे पोलाद कमअस्सल असे. त्या झाडणे जिवावर बेतू शकते.

दुसरा प्रकार अधिक सफाईदार असतो. येथे रायफल खरी असते आणि खोटा असतो तिचा दर्जा. न जुळणारा बोल्टचा क्रमांक घासून नवा ठोकला जातो किंवा साध्या ‘नंबर ४’ला दुर्बीण लावून स्नायपर रायफल म्हणून खपवले जाते. येथे अक्षरांची घडण, ठोक्यांची खोली आणि क्रमांकाभोवतीचा धातू पाहावा लागतो. जुन्या ठोक्याच्या खळग्यात जुना थर आणि मळ असतो. नव्या ठोक्यात उघडे पोलाद चमकते किंवा मुद्दाम काळे केलेले दिसते.

घासलेला क्रमांक पूर्णपणे मरत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ठोका बसताना पृष्ठभागाखालचे पोलादही दबलेले असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत विशिष्ट आम्लद्रावण लावले की दबलेला आणि न दबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा उमटू शकतो. चोरीच्या शस्त्रांचा माग काढायला जी पद्धत वापरतात, तीच येथे संग्राहकाची लबाडीही उघडी पाडते.

‘आजोबांनी युद्धातून आणली’ या कहाणीला किती किंमत?

पुरावा नसेल तर जवळपास काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांवर गेले. त्यांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गेलेले हजारो जवान होते. पण जवानाची रायफल त्याची नव्हती. ती क्रमांकासह नोंदवून दिली जाई आणि परत घेतली जाई. हत्यार हरवणे हा लष्करी शिस्तीत गंभीर गुन्हा होता. त्यामुळे सेवेतली रायफल जवानाने घरी आणली, असे सहसा घडत नसे.

एकच रायफल संपूर्ण युद्धभर जवळ होती, हेही गृहीत धरता येत नाही. १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या भारतीय तुकड्यांना मार्सेय बंदरात उतरल्यावर नव्या काडतुसाच्या रायफली देण्यात आल्या. मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले, तेव्हा शरणागतीआधी फौजेने आपली शस्त्रे निकामी केली. म्हणून ‘कूतहून परतलेली रायफल’ असे सांगून कुणी काही दाखवत असेल तर प्रश्न विचारायलाच हवेत.

येथे पलटणीच्या खुणा मदतीला येतात. काही रायफलींच्या दस्त्यावर पितळी चकती असते आणि तिच्यावर तुकडीची खूण कोरलेली असते. १९२२ च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणींचे जुने क्रमांक गेले आणि ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ अस्तित्वात आली. मग ‘११०’ या पलटणीची चकती आणि १९४३ चे अंग एकत्र दिसले तर दस्ता किंवा चकती दुसरीकडून आली आहे. चकती खरी असेलही, पण ती या रायफलीची नाही. अशा खुणांची तुलना करायची तर पलटणींचा इतिहास जपणारी ठिकाणे उपयोगी पडतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमधील संग्रहालय हे त्यांपैकी एक.

कायदा काय सांगतो?

ब्रिटन किंवा अमेरिकेत हा छंद परवाना आणि पैशाच्या चौकटीत बसतो. भारतात चित्र वेगळे आहे. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली सेवेतील काडतुसे झाडू शकतात म्हणून सामान्य नागरिकासाठी ‘प्रतिबंधित बोअर’ ठरतात. .४१० मस्केटही त्यातच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ७ नुसार प्रतिबंधित शस्त्र बाळगायला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची शिक्षा होऊ शकते. याच दुरुस्तीने परवानाधारकाला जवळ ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेले शस्त्रही या मर्यादेत मोजले जाते.

‘जुनी आहे, चालत नाही, मग काय हरकत?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला सवलत आहे, पण अट कडक आहे. ते शस्त्र दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही, असे असले पाहिजे. ली-एनफील्डचा बोल्ट हरवला असेल तर दुसरा बसवता येतो, गंजलेला भाग बदलता येतो. ती या सवलतीत बसते की नाही हे ठरवणे मालकाच्या हातात नसते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची कसोटी आहे आणि पहिल्या महायुद्धातल्या रायफलींनी ती ओलांडली आहे. तरी त्यामुळे शस्त्र कायदा गैरलागू होत नाही.

अस्सलपणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम ८ वे. शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे किंवा बनावट कोरणे हा गुन्हा आहे. असे शस्त्र ज्याच्याकडे सापडते त्यानेच खूण पुसली, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘मॅचिंग’ करण्यासाठी क्रमांक बदलणारा किंवा गंज काढताना शिक्के घासून टाकणारा माणूस येथे एकाच वेळी इतिहासाचे आणि स्वतःचे नुकसान करतो.

भरे किंवा मुळशीतील एखाद्या गावात अशी रायफल निघाली तर?

समजा, भरे गावात जुने घर पाडताना माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली रायफल निघाली. पहिली गोष्ट म्हणजे तिचा चाप, बोल्ट किंवा मॅगझिन हाताळू नये. शंभर वर्षांच्या रायफलीतही काडतूस असू शकते आणि जुने काडतूस केव्हा कसे वागेल, याचा नेम नसतो. रायफल जिथे आहे तिथेच ठेवून, मुलांना दूर करून पोलिसांना कळवावे. शस्त्र बाळगणे बेकायदा ठरते, तेव्हा विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. रायफल स्वतः मोटारीत घालून पौडला नेण्यापेक्षा आधी फोन करणे शहाणपणाचे. वाटेत अडवले गेल्यास खुलासा करणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट कागदांची. घरातील जुना परवाना, खरेदीची पावती, सैन्याचे डिस्चार्ज बुक, कुटुंबातील फोटो, जे सापडेल ते जपून ठेवावे. रायफल वारशाने कायदेशीर आली आहे की नाही, हे त्यावरच ठरेल. ग्रामीण भागात परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे असतो. प्रतिबंधित बोअरचा प्रश्न केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. साध्या परवान्याच्या शस्त्रात मालकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याने सत्तरी गाठल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर वारसाला परवाना मागता येतो, अशी तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे साफसफाईचा मोह टाळणे. मुळशीचा पाऊस आणि दमट हवा पाहता रायफल गंजलेली असण्याचीच शक्यता जास्त. तो गंज तार-ब्रशने, सँडपेपरने किंवा घरगुती गंजनाशकाने काढू नये. गंजाखालचा अनुक्रमांक, कारखान्याचे नाव आणि दुरुस्तीचे साल वाचता आले तरच ती रायफल कुणाची, कुठली आणि केव्हाची हे पोलिसांना, प्रयोगशाळेला आणि संग्रहालयालाही सांगता येते. ती संग्रहालयात जावी अशी इच्छा असेल तर रायफल जमा करतानाच लेखी अर्ज द्यावा. एकदा ती निकामी माल म्हणून वितळली की मागे काहीच उरत नाही.